फाळक्याच्या कोपऱ्यातलं नाव

हे लिहायला बसलोय त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अर्ज आणि उत्तरपत्रिका सोडल्या तर मी आजवर फारसं काही लिहिलेलं नाही. ज्यांच्याविषयी लिहितोय त्या चाचांना विचारलं, तर ते म्हणाले, "लिही की. पण माझं नाव नको घालू." म्हणून मग कुणाचंच घातलेलं नाही.

उमरग्यात जुन्या हायवेच्या कडेला माझ्या वडिलांचं पंक्चरचं दुकान आहे आणि शेजारच्या गाळ्यात चाचा ट्रक रंगवतात. चाचा आमच्या नात्यातले नाहीत, पण मी रांगत होतो तेव्हापासून त्यांच्या रंगाच्या डब्यांमध्ये खेळलोय. ट्रकच्या मागचा फाळका उतरवून ते दोन पिंपांवर आडवा ठेवतात आणि त्यावर मोर, घोडे, कमळं काढतात. मालकाच्या मुलीचं नाव अशा वळणानं लिहितात की मागून येणारा ड्रायव्हर ते वाचून पुढं जातो. पण त्यांचं काम त्यांच्याजवळ कधी राहत नाही. वाळलं की गाडीबरोबर निघून जातं, कधी विजयवाड्याला, कधी सुरतेला.

मोठा रस्ता गावाबाहेरून गेला आणि गाड्या गावात यायच्या थांबल्या. राहिलेलं काम फ्लेक्सनं आणि स्टिकरनं नेलं. चाचांच्या जावयाचं सोलापुरात फ्लेक्स छापायचं दुकान आहे. दसऱ्यापर्यंत बघू, असं चाचांचं आणि त्यांचं ठरलं होतं. दसऱ्याला गाड्यांची पूजा होते, त्याच्या आधी रंगकामाला माणसं येतात. ह्या वेळीही कुणी आलं नाही, तर गाळा सोडायचा आणि सोलापुरात काउंटरवर बसायचं. हे मला वडिलांकडून कळलं. चाचा फक्त ब्रश रॉकेलमध्ये धुऊन आधीपेक्षा जास्त वेळ पुसत बसायचे.

मी धाराशिवला कॉम्प्युटरचं शिकतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी चाचांची फुकटातली वेबसाइट बनवली. फोटो मिळवायला मात्र फिरावं लागलं. ढाब्यांवर उभ्या असलेल्या गाड्यांच्या मागं जाऊन मी चाचांचा मोर ओळखायचो, त्याच्या मानेला एक बाक असतो तो दुसऱ्या कुणाला जमत नाही. अणदूरच्या पुढं एका ड्रायव्हरनं मला फायनान्सवाल्यांचा माणूस समजून हाकललं होतं. तरीही बरेच फोटो जमले. चाचांनी ते मोबाइलवर पाहिले आणि एका घोड्याकडं बोट दाखवून म्हणाले, "ह्याचा पाय चुकलाय. लई वर्षं झाली, आज दिसला."

वेबसाइट झाली, पण ती कुणाला सापडेना. मग मी व्हिडिओ बघून शिकायला लागलो. शोधणारा माणूस काय टाइप करील ते शब्द पानावर पाहिजेत, फोटोला नुसता नंबर न ठेवता तो कशाचा आहे ते लिहिलं पाहिजे, मथळ्यात कलाकाराचं पूर्ण नाव पाहिजे. मी सगळं केलं. प्रत्येक फोटोला नाव दिलं. जिल्ह्याचं नवं नाव लिहिलं आणि जुनंही ठेवलं, कारण लोक अजून दोन्ही टाकतात. मराठीत लिहिलं, इंग्रजीत लिहिलं, आणि आमच्याकडची पोरं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात तसंही लिहिलं. मथळ्यात चाचांचं पूर्ण नाव मोठ्या अक्षरात घातलं. ते बघून चाचा जरा अवघडले होते. ते अवघडणं मी लाजणं समजलो.

एके दिवशी माझ्या मोबाइलवर चाचांचं नाव टाकलं तर आमचं पान सगळ्यात वर. मी धावत जाऊन सांगितलं. चाचांनी समोरच्या हॉटेलात सगळ्यांना चहा सांगितला. हॉटेलवाल्यानं स्वतःच्या मोबाइलवर तेच नाव टाकलं आणि बराच वेळ बोट वर-खाली करत राहिला.

"चाचा, तुमच्या नावाचा एक डॉक्टर निघाला बघा. पुढं एक कापडवाला हाय. एक निवडणुकीला पण उभा हाय."

"बरं झालं," चाचा म्हणाले, "ताप आला तर डॉक्टराकडं जाता येईल."

सगळे हसले, चाचाही हसले. मी बशीत चहा ओतून बसलो, तो मला पिववेना. माझा मोबाइल माझ्या सवयीनं मला हवं ते दाखवत होता, हे मला उशिरा समजलं.

तिथून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. कॉलेज सुरू झालं, तरी तासाला बाकाखाली मोबाइल धरून मी किती जण पानावर आले ते बघायचो. एखादा आलेला दिसला की तो कोण असेल ते शोधत बसायचो. बहुतेक वेळा तो माझा रूममेट निघायचा, "बघ, मी उघडलं तुझं पान," असं उपकार केल्यासारखं सांगायचा. मथळा बदलायचा, पुन्हा पहिलाच करायचा, मोर वर आणायचा, घोडा खाली न्यायचा. कॉलेजातल्या मॅडमनी सांगितलं होतं की नव्या पानाला वेळ लागतो, धीर धर. पण दसरा काही माझ्या पानासाठी थांबणार नव्हता. आई फोनवर जेवलास का विचारायची आणि मी उत्तर देताना दुसऱ्या बाजूला पान उघडत असायचो.

पोळ्याच्या सुट्टीला घरी आलो होतो. दुकानात वडील टायर उतरवत होते. ट्रकचा ड्रायव्हर, कर्नाटकातला असावा, घाम पुसत बाजूला उभा होता. त्यानं एका पेंटरचं नाव घेऊन तो कुठं बसतो असं विचारलं. ते नाव मी ऐकलेलंही नव्हतं. मी इथं असा कुणी नाही म्हणून सांगणार, तेवढ्यात वडिलांनी मान न उचलता शेजारच्या गाळ्याकडं हात केला.

"मोबाइलवर पण हुडकलं मी," ड्रायव्हर म्हणाला. "कायच येईना."

मी वडिलांना विचारलं, हे नाव कुणाचं. त्यांनी टायर तसाच सोडून माझ्याकडं पाहिलं.

"चाचांच्या उस्तादाचं. फाळक्याच्या कोपऱ्यात तेच असतंय न्हवं? सगळे त्याच नावानं इचारत्यात. मला वाटलं, तुला म्हाईत हाय."

मी मोबाइल काढून फोटो मोठे करून पाहिले. प्रत्येक फाळक्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, बारीक अक्षरात तीच सही होती. फोटो चांगले दिसावेत म्हणून काही ठिकाणी तो कोपरा मीच कापला होता. इतकी वर्षं ते नाव देशभर फिरत होतं, आणि मी जगाला असं नाव शोधायला सांगत होतो जे आमच्या ओळीतल्या चार दुकानांबाहेर कुणाला माहीतच नव्हतं. मला ते दिसलं नाही, कारण मला चाचांना शोधायची कधी वेळच आली नव्हती.

त्या ड्रायव्हरला फक्त भाव विचारायचा होता, तो विचारून गेला. मी चाचांकडं गेलो आणि उस्तादांचं नाव मथळ्यात घालूया म्हणालो. मला वाटलं लगेच हो म्हणतील. ते म्हणाले, नको. सही करणं म्हणजे उस्तादांना सलाम करणं आहे. त्यांच्याकडं शिकलेल्या सगळ्यांनी तेच केलं, स्वतःचं नाव कुणी घातलं नाही. पण मथळ्यात ते नाव घातलं तर लोक त्या नावानं फोन करतील, त्याचं काय, असं त्यांनी मलाच विचारलं.

"उस्ताद गेले, बेटा. फोन आला तर मी काय म्हणून उचलू? मीच तो, असं म्हणू?"

मी गाळ्याच्या पायरीवर बसलो, उठलो, पुन्हा बसलो. चाचा डब्यातला लाल रंग काडीनं ढवळत होते. कुणाचं काम नव्हतं, रंगावर साय धरू नये म्हणून ढवळत होते. मग मी भीत भीत म्हणालो, जे खरं आहे ते तसंच लिहू या. तुम्ही सांगा, मी टाइप करतो.

त्यांनी काडी बाजूला ठेवली, हात पुसले. आधी उस्तादांचं नाव सांगितलं, मागं त्यांचं गाव. आणि मग म्हणाले, "लिही. उस्ताद आता न्हाईत. हात त्यांनी धरून शिकवला. रंग मी देतो."

शोधणाऱ्यांसाठी ह्यात अजून दोन-चार शब्द घालायला पाहिजेत, असं मला वाटलं. पण घातले नाहीत. मथळ्यातलं चाचांचं नाव काढलं, तिथं उस्तादांचं लिहिलं, आणि कापलेले कोपरे पुन्हा जोडून सगळे फोटो नव्यानं चढवले.

धाराशिवला परत आलो तरी काही हललं नाही. गणपती गेले, पितृपंधरवडा लागला. पान किती जणांनी पाहिलं तो आकडा थोडा वाढला होता, पण आकडा म्हणजे गाडी नव्हे. वडिलांकडून कळलं की जावई येऊन गाळ्यातलं सामान बघून गेले. त्या दिवशी मी मेसमध्ये ताट तसंच ठेवून उठलो आणि बसस्टँडपर्यंत उगाच चालत गेलो, उमरग्याची एसटी लागलेली बघितली आणि परत आलो. जाऊन तरी काय करणार होतो?

घट बसल्यानंतर प्रॅक्टिकल चालू असताना वडिलांचा फोन आला. ते दिवसा कधी फोन करत नाहीत, म्हणून सरांना विचारून मी व्हरांड्यात आलो. मागं एअर कॉम्प्रेसरचा आवाज होता आणि वडील तो बंद न करताच मोठ्यानं बोलत होते.

"चाचांच्या म्होरं गाडी उभी हाय. तेलंगणाची. फाळका उतरवून पिंपांवर ठिवलाय."

मी विचारलं, त्याला कसं सापडलं. मोबाइलवरून का?

"ते काय म्या इचारलं न्हाय. मालक म्हणतोय, आणखी दोन गाड्या हायत्या त्याच्या." मग ते म्हणाले, "आन् चाचांनी सांगितलंय, पोराला कळवा, जावयाला फोन केलाय. सोलापूरला येत न्हाय म्हणून."