दादाच्या खोलीतला पॉइंट

आधीच सांगते, मी रिक्षाला टांगलेली लिंबू-मिरची काढायला लावून रिक्षावाल्याच्या हातात पत्रक ठेवणारी मुलगी आहे. भूत, भानामती, अंगात येणं... या नावाखाली बायकांना मारतात, लुटतात, आणि त्याविरुद्ध चौकात ओरडून माझा घसा बसलाय. तेव्हा 'बघा, शेवटी मानलंच ना!' म्हणायला टपलेल्यांनी इथूनच परत फिरावं. मी काहीही मानलेलं नाही.

सोलापूरजवळ कुंभारीत आमचं घर. खाली हॉल, स्वयंपाकघर. वर एकच खोली, दादाची. माझा मोठा भाऊ, वायरिंगची कामं करायचा. गेल्या वर्षी काविळीने गेला. तेव्हापासून खोलीला कुलूप, किल्ली आईच्या कमरेला.

वायफाय सारखं तुटतं म्हणून मी घरात नेटची केबल टाकायचं ठरवलं. कागदावर आखलं — राउटर हॉलमध्ये, एक पॉइंट माझ्या टेबलाशी, एक टीव्हीशी. आईने कागद बघितला.

"वर न्हाय काढला?"

"वर कोण वापरणार, आई?"

"तुजी पत्रकं गावात वाट. घरात मला शिकवू नको. काढ की!"

काढला. घर बांधताना दादानेच भिंतीत रिकामा पाइप टाकला होता. भर दुपारी मी हॉलमधून वायर ओढायची लांब स्टीलची स्प्रिंग पाइपात वर सरकवली आणि तिच्या खालच्या टोकाला केबल बांधली. आता वर जाऊन ओढायचं. "किल्ली दे," म्हणून आईकडे वळले, तर हातातली केबल चालायला लागली.

वर. सावकाश.

मग थांबली. दोन झटके.

सुट्टीत मी दादाच्या हाताखाली काम करायचे. तो वर, मी खाली. स्लॅबमधून हाक ऐकू येत नाही, म्हणून वायरवरच बोलायचो. दोन झटके म्हणजे थांब, अडकलंय. खाली बघितलं, तर केबलला खरंच पीळ पडला होता. सोडवला. मग एक लांब ओढ... म्हणजे, सोड आता.

मी घट्ट धरून उभी. आई शांतपणे म्हणाली, "सैल सोड की गं. वाट बगतोय त्यो."

वर गेलो. कुलूप आईनेच उघडलं. खिडकी आतून बंद. जमिनीवर केबल, शेजारी स्प्रिंग गुंडाळून ठेवलेली.

स्प्रिंगचा ताण? तो वीतभर ओढेल, मजलाभर नाही. उंदीर? उंदीर स्प्रिंग गुंडाळत नाहीत. दुसऱ्याच्या घरी जे प्रश्न विचारते, ते सगळे स्वतःला विचारले. उत्तर नाही. आजही नाही.

एकच राहिलं. प्रयोग पुन्हा करून बघा, असं मी शाळाशाळांतून सांगते. पाइपात जागा आहे, केबलही उरलीय. तरी हात लावत नाही. वरून पुन्हा ओढ आली, तर घाबरणार नाही मी.

नाही आली तर?