निसरडी फरशी

शाम्पूमध्ये केस मऊ करणारी एक पावडर घालतात. गवारीच्या बियांच्या डिंकावर प्रक्रिया करून ती बनते, दिसायला पिठासारखी. तिचा पातळ थर केसांवर बसतो आणि कंगवा अडकत नाही. संगमनेरजवळच्या एका छोट्या कारखान्यात ती पाण्यात मिसळायचं काम माझ्याकडे होतं. ती सावकाश भुरभुरावी लागते, नाहीतर गुठळ्या होतात. मालकाचा भाचा आमच्यावर देखरेख करायचा, त्याला मात्र कशालाच धीर नव्हता. मला तो पहिल्यापासून आवडला नाही.

एका दुपारी त्याच्याच हातून पोतं फाटलं आणि पावडर फरशीभर सांडली.

"पाणी मारू नका," मी म्हटलं. "कोरडीच झाडून घेते."

"मला शिकवू नको," म्हणत त्याने पाइप सोडला. बघता बघता फरशीवर शेंबडासारखा बुळबुळीत थर पसरला. बाटल्या भरणाऱ्या मावशी क्रेट घेऊन आल्या आणि पाय सरकून हातावर आपटल्या. मनगट तिथंच वाकडं दिसत होतं.

दवाखान्यात भाच्याने डॉक्टरांना सांगितलं, "घरी मोरीत पडल्या."

मावशी खाली मान घालून बसल्या होत्या. मला राहवलं नाही. "खोटं आहे. कारखान्यात पडल्या, यांनी पाणी मारलं म्हणून."

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. बाहेर आल्यावर भाचा आवाज न चढवता म्हणाला, "उद्यापासून येऊ नको." मला वाटलं, बरं झालं, सुटले. पण त्याच आठवड्यात त्याने मावशींच्या सुनेलाही कामावरून काढलं. तीही तिथेच लेबलं लावायची.

मी भेटायला गेले, तर मावशींनी मला दारातच थांबवलं.

"तुला कोन बोल म्हनलं हुतं?"

"तो खोटं सांगत होता, मावशी."

"मला काय म्हाईत न्हाई? हात माझा मोडला. सुनंचं काम टिकावं म्हनून मी गप बसले हुते. आता दोघी घरी बसलोय." त्यांनी दार लोटून घेतलं.

आता मी दूध डेअरीत काम करते. बाजारात दिसल्या की मावशी तोंड फिरवतात. त्यांचा राग मला कळतो, तो मी सोसते. भाचा मात्र मोटरसायकलवरून जाताना ओळखीचं माणूस भेटल्यासारखा हसतो. मी सरळ त्याच्या डोळ्यांत बघते, पण हसत नाही.