मागावरचा जुना ताणा

मंडळी, आज लई दमलेय.

उद्याच्या कामासाठी व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या लॅपटॉपवर, लिनक्स ही सिस्टीम घालायची होती. सकाळपासून तेच. अर्ध्यावर जायचं आणि अडकायचं.

चूक माझीच. पहिल्या फसलेल्या खेपेची आतली डिस्क मी काढलीच नव्हती, दर खेपेला तिच्यावरच नवं चढवत होते. आम्ही वडगावचे विणकर. नवा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, जुन्याच्या टोकांना गाठी मारून जोडायचा, जुना कापून टाकायचा न्हाय, हे हाडात बसलंय.

"काय झालं गं?" माझ्या वडिलांनी, आप्पांनी विचारलं.

"जुनं टाकून द्यायला पायजे आप्पा. त्याशिवाय नवं बसत न्हाय."

डिस्क डिलीट केली. मशीन सुरू झालं.

वर बघितलं तर आप्पा बाहेरच्या सोप्यातल्या मागापुढं उभे. ऐंशीच्या दशकात घेतलेला माग, आता कित्येक वर्षं बंद. शेवटच्या साडीचा ताणा त्यावर अजून तसाच आहे, कुणीतरी पुढं जोडील म्हणून ठेवलेला.

"कातर कुठं हाय गं?"

कातर माझ्या हाताशीच होती. सापडत न्हाय म्हटलं.

तुम्ही दिली असती?