धाकटीने नाही म्हटलं

दवाखान्यातून निघून आम्ही निम्मी वाट चाललो, तरी माझ्या धाकट्या जावेच्या तोंडून शब्द फुटेना. एरवी ही शिंपीण इतकी बडबडी, की मी म्हणायचे, "अगं बये, मशीनला तरी बोलू दे!"

तिचा लेक स्नायूंच्या आजाराने पाचव्या वर्षी गेला. त्याच्या बोटांत जोर नव्हता, म्हणून ती त्याच्या सदऱ्यांना बटणांऐवजी दाबली की चिकटणारी पट्टी लावायची. तो आजार रक्तातून येणारा. म्हणून या खेपेला डॉक्टरांनी गर्भ बाहेर तयार करून, पोटात ठेवण्याआधीच तपासले. चारही गर्भांत तोच आजार निघाला. एकही ठेवू नका, असं ती डॉक्टरांना सांगून आली होती.

"देवाची मर्जी," मी म्हणाले. "सासूबाईंना सांगू, गर्भ धरलेच नाहीत."

ती रस्त्यातच थांबली.

"ताई, देवावर नका ढकलू. चांगले वाढत होते चौघं. त्याच्यासारखेच गोड झाले असते, आणि त्याच्यासारखेच तडफडले असते. म्हणून मी नाही म्हटलं. सासूबाईंपुढे माझं तोंड उघडणार नाही, तुम्हीच सांगा. पण मी नाही म्हटलं, असंच सांगा."