धूर दिसला पाहिजे

मुलगा परदेशी गेला आणि त्याचा रिमोटवर पळणारा ट्रक माझ्याकडे राहिला. हातभर लांब, पण खरंखुरं इंजिन असलेला. दर रविवारी सकाळी आर्णीच्या मैदानावर मी तो एकटाच पळवायचो. एकदा तो भन्नाट पळाला आणि तापून जागीच बंद पडला. साठीतल्या माणसानं खेळणं घेऊन जायचं म्हणजे लाजच, तरी दुसऱ्या दिवशी मी तो फवारणीचे पंप दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिककडे नेला.

त्याच्या टपरीत दुरुस्त झालेले पंप ओळीनं टांगलेले होते. त्या वर्षी कापसानं दगा दिला होता. पंप न्यायला कोणी फिरकलंच नव्हतं. तरी तो एकेक पंप उतरवून चालू करायचा, कान लावून ऐकायचा, पुसून परत टांगायचा.

मी ट्रक चालू करून दिला. थोड्या वेळानं त्यानं इंजिनवर पाण्याचा थेंब सोडला. थेंब छन्न करून उडाला.

"काल धूर निघत होता?"

"नाही. उलट आवाज एकदम खणखणीत होता."

"तेच तं! तेल कमी पडून राह्यलं. बंद पडायच्या आधी इंजिन असंच मस्त पळते, काका. थोडा धूर दिसला पाह्यजे. नाही तं आतून जळून राह्यलं समजा."

तेल मिसळलेलं इंधन जास्त जावं म्हणून त्यानं कार्बोरेटरचा स्क्रू जरासा सैल केला. निळसर धूर निघाला, तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "मी अगदी मजेत आहे," मी नेहमीसारखं जोरात सांगितलं.

"कळतंय बाबा," तो म्हणाला. "आवाज एकदम खणखणीत आहे."