मनोऱ्याची वाट, कानाची वाट

आमच्या रेडिओच्या खोलीत कॉम्प्युटर आहे, पण त्याला पडदा नाही. होता, तो म्बाक रुबियेमनं शाळेला देऊन टाकला. "मला त्याचा काय उपयोग?" म्हणाली. "आणि तू समोर बसलास की त्यात बघून नुसते केस विंचरतोस." ती जन्मापासून आंधळी. माझ्याहून वयानं मोठी, म्हणून मी म्बाक म्हणतो, म्हणजे ताई. मी सार्जोनो, इथला निवेदक. माझा आवाज बरा आहे असं माझं मत. म्बाक म्हणते, "बरा आहे म्हणून तर साठ टक्क्यांवर ठेवते. लोकांच्या कानांचंही बघावं लागतं."

पडद्याच्या जागी आता आलं घातलेल्या गुळपाण्याची किटली असते.

रेडिओ म्हणजे तरी केवढा! मेरापी ज्वालामुखीच्या उतारावरच्या चार वाड्यांना ऐकू जाईल एवढा एक बांबूचा मनोरा. पण त्या एवढ्याशा खोलीत गाणी असतात, मायक्रोफोन असतो आणि डोंगर असतो. हो, डोंगर. वर कड्यापाशी एक यंत्र पुरलंय, ते जमिनीची थरथर सुरात बदलून खाली धाडतं. दिवसभर एकच बारीक सूर चालू असतो आणि डोंगरानं कूस बदलली की तो कापतो. आम्ही तो गाण्याखाली मंद सोडून ठेवतो. बायका त्याच्या साथीनं भात शिजवतात, पोरं त्यावर झोपी जातात. पाहुण्यांना त्या सुरानं झोप येत नाही आणि आम्हाला त्याच्यावाचून येत नाही.

हे सगळे आवाज सांभाळायचं काम रुबियेमचं. कॉम्प्युटरच्या पोटात आवाजांचा एक कारभारी असतो, साउंड सर्व्हर म्हणतात त्याला. डोळस माणसं पडद्यावरच्या खुंट्या सरकवून त्याला सांगतात. रुबियेम टाइप करून हुकूम सोडते. गाण्याला तीस टक्के. डोंगराला बारा. मायक्रोफोन बंद. तो निमूट ऐकतो, आणि काय टाइप झालं ते एक यांत्रिक बाई तिच्या कानात वाचून दाखवते. तिला आम्ही पत्र्याची बाई म्हणतो. आवाज बाहेर पडायच्या वाटा दोन. एक मनोऱ्याकडे जाते, दुसरी रुबियेमच्या हेडफोनकडे. कारभाऱ्याच्या लेखी मनोरा म्हणजे नंबर शून्य आणि कान म्हणजे नंबर एक.

एकदा मी ऐन रंगात येऊन बोलत होतो आणि पत्र्याची बाई हेडफोनमधून पुटपुटली. मायक्रोफोननं ते उचललं. माझ्या वाक्यानंतर सगळ्या उतारानं ऐकलं, "मूक करा." कोबीच्या मळ्यांत कित्येक दिवस लोक एकमेकांना तेच म्हणत होते, आणि मला बघून तर हमखास. तेव्हापासून रुबियेमनं रीतच पाडली. मायक्रोफोन उघडायच्या आधी नंबर एकला मुकं करायचं, हेडफोन गळ्यात उतरवायचा. बोलणं संपलं की नंबर एकला पुन्हा वाचा द्यायची.

टक्क्यांची ही जाण तिला कॉम्प्युटरनं दिलेली नाही, बापानं दिली. तिचे वडील दार्मो, आम्हा सगळ्यांचे म्बाह, म्हणजे आजोबा, गवत कापायला रानात निघाले की गाईच्या गळ्यात लाकडी घंटा बांधायचे आणि लहानग्या रुबियेमला म्हणायचे, "चल, घंटेमागं ये." आवाज मोठा म्हणजे बाप जवळ. लहान म्हणजे बाप लांब, पाय उचल. धुक्यात डोळेवाली पोरं वाट चुकायची, ही कधी चुकली नाही. "धुकं काय असतं ते मला अजून ठाऊक नाही," ती म्हणते. "सगळ्यांना एकदमच दिसेनासं झालं की तुम्ही त्याला धुकं म्हणता, एवढंच मला कळलंय."

त्या वर्षी पावसाळा सरता सरता डोंगराघरी कार्य निघालं. आमच्याकडे असंच बोलतात, मेरापी उसळणार असं कोणी उघड म्हणत नाही. सूर दिवसदिवस थरथरायला लागला. डोंगर मोजणाऱ्यांनी वरच्या वाड्या रिकाम्या करायला सांगितल्या. लोक कोंबड्या, चटया, म्हातारी माणसं घेऊन खाली शाळेच्या पटांगणात उतरले. उतरले नाहीत ते म्बाह दार्मो. त्यांचं घर सगळ्यात वर, ओढ्याच्या काठाला. घरात ते, गोठ्यात गाय, आणि गोठ्याच्या खांबाला टांगलेला आमचा रेडिओ.

मी त्यांना आणायला गेलो. राख भुरभुरत होती, झाडं पिठात लोळल्यासारखी पांढरी झाली होती. म्हातारा शांतपणे विळ्याला धार लावत बसलेला.

"म्बाह, चला. सगळे गेले."

"डोंगराघरी कार्य आणि शेजारी पळून गेला, शोभतं का?"

"या कार्यात शेजाऱ्यालाच शिजवतात, म्बाह!"

"तुझी जीभ लांब आहे, म्हणून तुला रेडिओवर ठेवलंय," म्हातारा म्हणाला. "मी सूर ऐकतोय. अजून बिघडलेला नाही. बिघडला की येईन. आणि रुबियेमला सांग, गाईला गवत कापायचंय, मला वेळ नाही."

मग त्यांनी तिच्यासाठी केळीच्या पानात बांधलेले चिकट भाताचे तुकडे माझ्या हातात ठेवले आणि पुन्हा विळ्याकडे वळले. मला राग आला. इतका आला, की खाली येईपर्यंत निम्मे तुकडे मीच खाल्ले.

रुबियेमनं निरोप ऐकला. उरलेला भात हुंगला आणि बाजूला ठेवला.

दुपारी वीज गेली. खोलीत नुसता पंख्याचा वारा मरताना ऐकू आला. थोड्या वेळानं वीज आली, कॉम्प्युटर जागा झाला, गाणं सुरू झालं, डोंगराचा सूर पुन्हा त्याच्याखाली येऊन बसला. तो आता सूर कसला, तापलेल्या माणसाच्या श्वासासारखा झाला होता. रुबियेम बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "सार्जो, मायक्रोफोन इकडे दे. आज मी बोलणार."

एवढ्या वर्षांत ती रेडिओवर कधी बोलली नव्हती. मी मुकाट्यानं उठलो. खोलीतला रेडिओ बंद केला, नाहीतर तो मायक्रोफोनशी भांडून किंचाळतो. तिनं हुकूम टाइप केला, नंबर एक, मुकं. हेडफोन गळ्यात उतरवला.

"बापाक," ती म्हणाली, "मी रुबियेम."

बाहेर राख पडतच होती आणि खिडकीतला उजेड जुन्या कापडाच्या रंगाचा झाला होता.

"बापाक, आई गेली तेव्हा तुम्ही रडलात ते मला कळलं होतं. तुम्ही गोठ्यात जाऊन घंटा वाजवत होतात, मला ऐकू जाऊ नये म्हणून. मी तेव्हा काही बोलले नाही. लोक विचारतात, तुझा बाप दिसतो कसा? मी म्हणते, लांबून येतो आणि मोठा होत जातो. मला तेवढंच ठाऊक आहे. तुम्ही तिथं वर थांबलात तर मी कुठल्या आवाजामागं जाऊ? मी चाळिशीची झाले, तरी सकाळी उठल्यावर आधी घंटा शोधते. या ना. गाईलाही आणा. मी गवत विकत घेईन. तुमच्याशी भांडणार नाही. जेवायला या."

मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. मी बोलतो तेव्हा लोक हसतात, याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाईट वाटलं.

तिनं मायक्रोफोन बंद केला, नंबर एकला वाचा दिली आणि गाणं लावलं. एक संथ, जुनं, पाण्यावर तरंगल्यासारखं गाणं. मग आम्ही वाट बघत बसलो. किटली निवली. रस्त्यावरून माणसं जात होती, पण राखेत पावलांचा आवाजच होत नव्हता. गाव कुणीतरी दुलईखाली झाकून ठेवल्यासारखं वाटत होतं. मला डुलकी लागली असावी, कारण रुबियेमचे शब्द मला स्वप्नात ऐकू आल्यासारखे आले.

"पाच टक्के," ती म्हणत होती.

मी डोळे उघडले. ती दाराकडे कान करून उभी होती.

"दहा. वळणावर आहे. आता झाडाआड गेला. पंधरा. पंचवीस, सार्जो, पंचवीस!"

मला काहीच ऐकू येत नव्हतं. मग आलं. लाकडी घंटा, टॉक, टॉक. राखेतून आधी गाय उगवली, मग तिच्यामागं म्हातारा, डोक्यापासून पायापर्यंत करडा. काखेत रेडिओ. धाप लागलेली. दारात येऊन त्यानं आधी लेकीचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, जशी ती त्याचा चाचपायची.

"तुला काय झालं?" तो ओरडला. "रेडिओ मेला! गाणं नाही, डोंगर नाही, काहीच नाही. म्हटलं, खालीच काही घडलं! पोरगी तिथं एकटी!"

"एकटी कुठे? मी होतो की," मी म्हणालो.

"म्हणून तर जास्त घाबरलो."

"पण बापाक," रुबियेम हळूच म्हणाली, "मी बोलत होते ना."

"कोण बोलत होतं? मी रेडिओ थापटला, शिंग धरल्यासारखा हलवला. मघाशी वीज गेली तेव्हा खरखर तरी होती, आता तर चिडीचूप. विळा तिथंच टाकला आणि निघालो. ओढा ओलांडला आणि पुन्हा गाणं लागलं मेलं. तोवर गाय उताराला लागली होती, आता तिला परत कोण वळवणार?"

रुबियेम खुर्चीत बसली. कारभाऱ्याला विचारलं, वाटा सांग. पत्र्याची बाई तिच्या कानात बोलली आणि रुबियेमनं कपाळावर हात मारला. वीज जाऊन आली होती. अशा वेळी कारभारी कधी कधी वाटांना नव्यानं नंबर देतो, हे तिला पक्कं माहीत होतं. त्या दिवशी विचारायचं राहून गेलं. मनोरा झाला होता नंबर एक आणि कान शून्य. तिनं मनोऱ्यालाच मुकं केलं होतं. तिचं सगळं बोलणं त्या खोलीतच राहिलं. बाप तिच्या शब्दांना आला नव्हता, डोंगराला आला नव्हता, मला तर नाहीच नाही. ती गप्प झाली म्हणून आला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तापल्या राखेचा ढग ओढ्यानं खाली उतरला. वरच्या घराचा उंबरासुद्धा सापडला नाही. रुबियेम आता वाटांना नंबरानं हाक मारत नाही, नावानं मारते.

पण त्या संध्याकाळी आम्हाला उद्याचं काही ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्यानं गाय मनोऱ्याच्या बांबूला बांधली, राख झटकली आणि तो चटईवर बसला. मग त्याला आठवलं.

"मग बोलत काय होतीस एवढं?"

रुबियेमनं तोंड उघडलं. मी तिच्याकडे बघत होतो. त्या खोलीत ते बोलणं ऐकलेला मी एकटाच होतो.

"काही नाही," ती म्हणाली. "म्हटलं, जेवायला या."

"एवढंच ना?" म्हातारा म्हणाला. "मग आलोय की. वाढ."

तिनं हातानं चाचपत त्याचं पान शोधलं आणि भात वाढला.