मेमरीत ठेवलेली सूची

नव्वदच्या सुमारास मी धुळ्यात कॉम्प्युटरचा कोर्स करून जळगावच्या एका रक्तपेढीत लागलो. रक्तदात्यांची नावं कॉम्प्युटरवर होती, आणि कुठल्या गटाची नावं कुठे आहेत हे सांगणारी सूची वेगळी. दर वेळी ती डिस्कवरून वाचली जाई. तेवढ्यात चहा पिऊन होई. मी ती सकाळीच मेमरीत उतरवून ठेवू लागलो. बटण दाबताच नावं येऊ लागली. लोक मुद्दाम बघायला येत. मला ते फार आवडे.

वीज गेली की मेमरीतलं पुसलं जातं, म्हणून संध्याकाळी सूची परत डिस्कवर ठेवायची, हा नियम माझाच. एका शनिवारी दुपारीच वीज गेली. त्या दिवशीची नावं डिस्कवर होती, पण सूचीतून गेली. सोमवारी सूची नव्याने बांधायला हवी होती. त्याला अर्धा तास लागे. बघायला पाहुणे आले होते, म्हणून मी शुक्रवारची जुनीच उतरवली.

तेवढ्यात भडगावचा एक शेतकरी आला. सून बाळंत झाली होती, रक्त थांबत नव्हतं. गट ओ निगेटिव्ह, आणि पेढीत एकही बाटली नव्हती.

“भाऊ, सापडनं का कोनी?”

बटण दाबलं. “कोणी नाही,” मी ठामपणे सांगितलं.

शेजारच्या टेबलावरचे वयस्कर कारकून, आमचे नाना, म्हणाले, “असं कसं? शनिवारी मेहरूणचा मास्तर नाव देऊन गेला ना! ओ निगेटिव्हच.”

“नाना, यादीत नाही.”

“तुझ्या यादीत नसेल. माझ्या वाटणीचा चहा पिऊन गेलाय तो.”

शनिवारची नावं सूचीत नाहीत, हे तेव्हा आठवलं. फॉर्मांचा गठ्ठा उपसून शाळेचा पत्ता काढला आणि सायकल दामटली. मास्तर वर्गात होते. फळ्यावरचं गणित अर्धं टाकून ते माझ्या मागे कॅरियरवर बसले.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. व्हरांड्यात तो शेतकरी बसला होता. चूक विजेची नव्हती, माझी होती, हे मी त्याला सगळं सांगितलं. सूची, मेमरी, पाहुणे, काही वगळलं नाही.

त्याने शांतपणे ऐकलं. “माले काही समजनं नही, भाऊ. सून आज बोलनी, बस.”

मी तिथेच बाकावर बसलो. कालपासून पहिल्यांदाच भूक लागली होती.